दारात काय म्हणायचं

माझी बायको मृदुला लोकांच्या घरी जाऊन त्यांच्या मुलांशी खेळते. हे वर्णन माझं. तिच्यासमोर केलं की ती चष्म्याच्या वरून बघते आणि म्हणते, "अहो, थेरपी म्हणा. निदान काम तरी म्हणा." ज्या मुलांना बोलणं उशिरा येतं किंवा येतच नाही, ज्यांना मिक्सरचा आवाज सोसत नाही, शर्टाची शिवण टोचते, अशा मुलांना ती त्यांच्याच घरात, त्यांच्याच फरशीवर बसून शिकवते. हवं ते मागायचं कसं, थांबायचं कसं, आणि भाजी नको असेल तर ताट न भिरकावता तसं सांगायचं कसं. शनिवारी पादरा गावाची बस पकडते, बाकीचे दिवस बडोद्यातली घरं. खांद्याला पिशवी, पिशवीत साबणाच्या फुग्यांची बाटली, कुरमुरे आणि चित्रांची कार्डं. एवढ्या भांडवलावर तिची फिरती चालते.

पूर्वी ती शाळेत गणित शिकवायची. तिच्या वर्गातला एक मुलगा बाकाखाली बसून गणितं सोडवायचा, आणि बरोबर सोडवायचा. मुख्याध्यापकांना तो बाकावर बसलेला हवा होता, मृदुलाला गणितं बरोबर आलेली पुरेशी होती. या वादात आधी मुलगा शाळेतून गेला, मग ही गेली. चाळिशी उलटल्यावर कॉलेजातल्या पोरींच्या शेजारी बसून तिनं या मुलांना शिकवण्याचा कोर्स केला आणि पहिली आली. पहिली आल्याचं तिनं मला चार दिवसांनी, भाजी निवडताना सांगितलं.

ही विद्या ती माझ्यावरही चालवते असा मला दाट संशय आहे. मी ओला टॉवेल दोरीवर टाकला की लगेच म्हणते, "वा, टॉवेल दोरीवर." पलंगावर टाकला तर एक अक्षर बोलत नाही. आमच्या लग्नाची पहिली वीस वर्षं टॉवेलवरून भांडण्यात गेली, आणि आता मी न सांगता दोरीकडे जातो. हे का झालं ते मला फार उशिरा कळलं, तोवर सवय लागून गेली होती.

मल्हारराव माझा जुना मित्र. गोरव्याच्या एका कारखान्यात आम्ही दोघांनी उमेदीची वर्षं काढली. मी हिशेबात, तो सिक्युरिटीचा साहेब. त्याचे वाडवडील संस्थानच्या फौजेत, माझे संस्थानच्या दप्तरात. म्हणून तो मला कारकून म्हणतो आणि मी त्याला शिलेदार. त्याच्या पणजोबांचा घोडा अजून आमच्या गप्पांत दौडत असतो. रोज सकाळी आम्ही कमाटीबागेत फिरतो, म्हणजे तो चालतो आणि मी त्याच्या मागून येतो.

असंच एकदा चालताना, माझ्याकडे न बघता, तो म्हणाला, "दामू, वहिनींना जरा विचार ना, आमच्या अनुजला बघतील का."

अनुज त्याचा नातू, पाच वर्षांचा. मल्हाररावचा मुलगा विक्रमसिंह बाजव्याला पाळीनं कामाला जातो, सून स्नेहल घरी असते, आणि मल्हाररावची बायको कौशल्यावहिनी तीन वर्षांपूर्वी गेल्या. अनुज स्वमग्न आहे. मोजके चार-दोन शब्द बोलतो, डब्यांची झाकणं आकारानुसार अशी लावतो की दुकानदारानं धडा घ्यावा. पण घरातून कोणी बाहेर पडलं की तो धावत दाराशी जायचा, किंचाळायचा आणि दारावर कपाळ आपटायचा. टेंगूळ येईपर्यंत. त्यामुळे पाहुण्यांनी येणं सोडलं होतं आणि स्नेहलनं जाणं. विक्रमसिंह, चांगला मिशीवाला गडी, पोरगा आंघोळीला गेला की चपला हातात घेऊन सटकायचा. शिवाय पोरगा दार उघडून जिन्यात पळतो म्हणून दाराच्या पार वर एक कडी बसवली होती.

या सगळ्याला एक मुदत होती. कारेलीबागेतल्या एका शाळेनं अनुजला जूनपासून घ्यायची तयारी दाखवली होती. तिथल्या मोठ्या बाई समजूतदार होत्या, त्यांची अट एकच: आईनं गेटवर सोडून जाता आलं पाहिजे, आणि मुलानं स्वतःला इजा करून घेता कामा नये. ते जमलं नाही तर पुढच्या वर्षी त्या वर्गासाठी त्याचं वय उलटलेलं असणार. दुसरी कुठली शाळा 'हो' म्हणाली नव्हती.

मृदुला जानेवारीत तिथं जायला लागली. स्नेहलनं पहिल्याच दिवशी विचारलं, "काकू, जमेल ना?"

"जमेल," मृदुला म्हणाली. तिला 'बघू या' म्हणायची सवय नाही. कधीकधी मला वाटतं, असावी.

होळीपर्यंत बरंच जमलं. अनुज कार्ड देऊन पाणी मागायला लागला, नखं कापताना हात पुढं करायला लागला. बैठकीतल्या हिंचक्यावर बसवून मृदुलानं त्याला दोन शब्द पक्के शिकवले. हिंचका आपल्याकडे ओढताना 'ये', ढकलताना 'जा'. ते तो समजायचा आणि लहर लागली की म्हणायचाही. दाराचं मात्र काही केल्या सुटेना. दिवसाचा क्रम दाखवणारी चित्रं झाली, वाळूचं घड्याळ झालं, दाराशी कुरमुरे झाले. कपाळ आपटायचं ते आपटतच होतं.

मृदुलाची पद्धत अशी की मूल ओरडलं तर ओरडण्याकडे कमी बघायचं आणि त्याच्या अगदी आधी काय झालं तिकडे जास्त. ती रोज विचारायची आणि स्नेहल रोज तेच सांगायची, "कोणीही गेलं की ओरडतो, काकू." या 'कोणीही'वर मृदुलाचा विश्वास नव्हता. घरी येऊन वरण फोडणीला टाकताना पुटपुटायची, "कोणीही म्हणजे कोण?" मी म्हणायचो, मी नाही.

मार्चमध्ये तिची स्कूटर गॅरेजला होती म्हणून मी तिला आणायला मल्हाररावकडे गेलो. चहा घेत बसलो होतो, तेवढ्यात गॅसवाला सिलिंडर घेऊन आला, रिकामा खांद्यावर टाकून गेला. अनुज हिंचक्यावर होता. त्यानं मानसुद्धा वळवली नाही.

मृदुलाच्या हातातला कप हवेतच राहिला. "स्नेहल, हा गेला तेव्हा तो ओरडला नाही."

"तो काय घरचा माणूस आहे, काकू."

"कुरिअरवाला जातो तेव्हा?"

"नाही ओरडत."

"आणि समोरच्या हंसाबेन?"

"त्यांच्या वेळेस तर घर डोक्यावर घेतो."

"हंसाबेन तरी कुठं घरच्या आहेत?" मृदुला म्हणाली, आणि माझ्याकडे वळली. "अहो, उठा. निघा बघू."

मी आज्ञाधारक. उठलो, चपला घातल्या, मल्हाररावला म्हटलं, "बरं, येतो." अनुज हिंचक्यावरून उतरला, दाराशी आला आणि किंचाळायला लागला. मी जिन्यात दोन पायऱ्या उतरलो होतो.

"अहो, परत आत या."

मी आत आलो. अनुज गप्प झाला, माझ्या चपलांकडे बघितलं आणि हिंचक्याकडे निघून गेला. जणू काही झालंच नव्हतं. मृदुलानं मला पुन्हा बाहेर पाठवलं, या वेळी हंसाबेनसारखं 'आवजो' म्हणून. पुन्हा तोच प्रकार. तिसऱ्यांदा काहीच न बोलता. या वेळी तो नुसता बघत राहिला. त्या संध्याकाळी मी इतक्या वेळा गेलो आणि आलो की खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी काही हरवलंय का म्हणून विचारलं.

शेवटी मृदुला खाली बसली. "तो पळत नाही गं, स्नेहल," ती म्हणाली. "तो वाट बघतो. आपण 'येतो' म्हणतो आणि निघून जातो. हंसाबेन जाताना 'आवजो' म्हणतात, तू त्यांना 'आवजो' म्हणतेस. दोघी एकमेकींना या म्हणता आणि येत कोणीच नाही. त्याला 'ये'चा अर्थ एकच माहीत आहे, आणि तो मी आणखी पक्का केलाय."

स्नेहल वरच्या कडीकडे बघत राहिली. पोरगा माणसं परत येतील म्हणून दार उघडून उभा राहत होता, आणि त्यांनी त्याला कडी घातली होती. ती रडली. मलाही गलबलून आलं, पण तसं दाखवायची आमच्या दप्तरी घराण्यात पद्धत नाही, म्हणून मी चष्मा पुसला.

"मीसुद्धा जानेवारीपासून रोज याच दारात 'येते हं अनुज' म्हणून त्याला फसवत आले," मृदुला म्हणाली. तिला स्वतःचा भयंकर राग आला होता. तो मिनिटभर टिकला. मग ती म्हणाली, "चला, शब्द ठरवू."

आणि तिथं गाडी अडली. मराठी माणूस दारातून बाहेर पडताना खरं बोलतच नाही, हे मला पासष्टाव्या वर्षी कळलं. स्नेहल म्हणाली, टाटा म्हणू या. अनुजनं ते ऐकलं आणि बूट घेऊन आला, कारण टाटा म्हणजे फिरायला जायचं. बाय? त्याची आत्या व्हिडिओ कॉलवर बाय म्हटल्यावर पाऊण तास बोलते. निघतो? मल्हारराव स्वतः 'निघतो आता' म्हणून आमच्याकडे आणखी एक चहा पितो. मी म्हटलं, 'जाऊन येतो' म्हणा, दोन्ही बाजू सांभाळल्या जातील. मृदुला म्हणाली, त्याला शेवटचाच शब्द पकडता येतो. काही न बोलता जायचं तर घरचं माणूस असं नाहीसं झालं की तो बाथरूमपासून गॅलरीपर्यंत शोधत फिरायचा, आणि शाळेच्या गेटवर आई नाहीशी झाली तर काय होईल ते सांगायला नको होतं.

"एकच शब्द उरतो," मृदुला म्हणाली. "जातो."

"माझ्या उंबऱ्यावर नाही," मल्हारराव म्हणाला.

इतका वेळ तो कोपऱ्यात खुर्चीवर ताठ बसून होता. "वहिनी, आमच्या घरात हा शब्द कोणी उच्चारलेला नाही. लढाईला निघालेली माणसं 'येतो' म्हणून निघालीत. विक्रमसिंह रोज मोटारसायकलवर हायवेनं बाजव्याला जातो. त्याला मी दारात 'जातो' म्हणू देऊ?"

मृदुलानं वाद घातला नाही. "भाऊजी, मला जे दिसलं ते मी सांगितलं. जून लांब नाही. ठरवायचं तुम्ही." आणि पिशवी उचलली. दारात ती क्षणभर थांबली, अनुजकडे बघून काहीच बोलली नाही, आणि बाहेर पडली. घरी येईपर्यंत मीही काही बोललो नाही, कारण मल्हाररावचं मला पटलं होतं आणि हे तिला कळू द्यायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कमाटीबागेत मल्हारराव माझ्या मागून चालत होता. असं कधी झालं नव्हतं. एका बाकावर तो बसला.

"कौशल्याला दवाखान्यात नेलं ना," तो म्हणाला, "तेव्हा ती दारात अनुजच्या गालाला हात लावून 'जाते हं' म्हणाली. दमलेली होती, तोंडातून आलं तसं म्हणाली. मी तिला तिथंच थांबवलं. म्हटलं, येते म्हण. स्ट्रेचरवाले खोळंबले होते. म्हणाली बिचारी. येते म्हणाली."

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"मी वाट बघितली, दामू. येते म्हणाली होती ना. मला कळतं तरी, ती नाही येणार. त्या पोराला कोण सांगणार?" मग तो बाकावरून उठला. "वहिनींना सांग, म्हणतो मी तो शब्द."

मी घरी येऊन मृदुलाला सगळं सांगितलं आणि विचारलं, अनुजचं तेव्हापासूनच सुरू झालं असेल का. ती पोळी लाटायची थांबली. "सांगता येणार नाही. तेव्हा तो फार लहान होता. असेलही, नसेलही. मी तसं भाऊजींना मुळीच सांगणार नाही, आणि तुम्हीही सांगू नका." मग पोळी तव्यावर टाकून म्हणाली, "कौशल्यावहिनी बरोबर म्हणत होत्या पण."

मग सराव सुरू झाला. पहिली गेली ती मृदुला. मला मुद्दाम बोलावून घेतलं होतं, माणसं जास्त हवीत म्हणून. ती दारात उभी राहिली, अनुजच्या डोळ्यांच्या पातळीवर वाकली आणि स्पष्ट म्हणाली, "जाते." आणि गेली.

मी शिकलेला माणूस, मांजर आडवं गेलं तर त्याला आधी जाऊ देतो ते केवळ सौजन्य म्हणून. पण इतक्या वर्षांत माझ्या बायकोनं कधी दारातून निघताना तो शब्द उच्चारला नव्हता. जिन्यात तिची पावलं ऐकू येईनाशी झाली तेव्हा मला तिला हाक मारावीशी वाटली. मिनिटभरानं ती दार वाजवून आत आली, "आले" म्हणाली, आणि मी इतका मोठा श्वास सोडला की स्नेहल हसली.

अनुजचं काही लगेच बदललं नाही. पहिला आठवडा तर तो 'जाते'लाही तसाच ओरडला, उलट जास्तच. स्नेहलचा धीर सुटायला लागला. मृदुला म्हणाली, "इतके दिवस आपण त्याला फसवलं, आता आठवडाभरात त्यानं विश्वास ठेवावा असं कसं म्हणता?" जाणं छोटं ठेवायचं, जिन्यापर्यंत, मग गेटपर्यंत, मग हंसाबेनच्या घरापर्यंत. जाताना 'जाते', परत आल्यावर 'आले', आणि मधलं काही नाही. वरची कडी काढून टाकली आणि गेलेल्या माणसाच्या मागं दार लावायचं काम अनुजला दिलं. हंसाबेनना हे समजवायला दोन दुपारी लागल्या. त्या 'जाऊं छुं' म्हणायच्या आणि सवयीनं पुढं 'आवजो' जोडून जीभ चावायच्या.

मल्हाररावची पाळी आली तेव्हा तो आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून आला. दारात उभा राहिला. मिशी हलली. राजीनामा द्यावा तसं म्हणाला, "जातो." अनुजनं त्याच्या तोंडाकडे नीट बघितलं आणि दार लावलं. धाडकन लावलं, मल्हाररावचं बोट थोडक्यात वाचलं. आत कुठलाही आवाज नव्हता. मी जिन्यातच दोन पायऱ्या खाली उभा होतो. जिना उतरताना शिलेदार हलक्या आवाजात घोकत होता, "येतो, येतो, येतो."

मी ही चुगली लगेच मृदुलाकडे केली. ती म्हणाली, "म्हणू देत. अनुजला ऐकू जात नाही ना, मग झालं." विक्रमसिंहनंही तोच तोडगा काढला. तो आता चपला पायात घालून, पुढच्या दारानं, मुलाला सांगून कामाला जायचा, आणि मोटारसायकलला किक मारताना जे काय पुटपुटायचं ते पुटपुटायचा. मेच्या शेवटी स्नेहल एकटी भाजी आणायला गेली. पिशवीत कोथिंबीर सोडून काही नव्हतं, कारण सगळा वेळ ती नुसती रस्त्यानं चालत होती.

जूनमध्ये शाळेचा पहिला दिवस उजाडला. गेटवर आम्ही अनुजसकट पाच जण. माझं तिथं काहीही काम नव्हतं. मृदुलानं शाळेतल्या बाईंना सगळं आधी समजावून सांगितलं होतं. आत जाणारी मुलं, रिक्षा, डबे, रडारड असा सगळा गोंधळ होता. अनुजनं दोन्ही कानांवर हात ठेवले होते, पण उभा होता.

स्नेहल वाकली. शब्द स्वच्छ आला. "जाते, अनुज."

त्याचा हात धरलेल्या बाई तरुण होत्या, हसतमुख होत्या. जन्मभराची सवय, त्या तरी काय करणार. त्या गोडपणे म्हणाल्या, "आवजो, बेन!"

मृदुलानं माझं मनगट पकडलं. बाईंनी जीभ चावली, पण शब्द गेला होता. अनुजनं कानांवरचे हात काढले. बाईंच्या तोंडाकडे बघितलं, मग आईच्या. गेटच्या लोखंडी गजांकडे बघितलं. मल्हारराव एक पाऊल पुढं सरकला.

"जा," अनुज म्हणाला. आईला.

हिंचका सोडला तर त्या घरात आजवर कोणी कोणाला 'जा' म्हटलेलं नव्हतं. स्नेहल जागची हलली नाही. तीन वर्षं ती या पोरापासून कोथिंबिरीच्या जुडीपलीकडे लांब गेली नव्हती, आणि आता पाय उचलत नव्हते ते तिचे. अनुजनं थोडी वाट बघितली. मग तिच्या पोटावर हात ठेवून तिला ढकललं आणि पुन्हा, जरा मोठ्यानं म्हणाला, "जा."

"स्नेहल, पोरगा जा म्हणतोय," मल्हारराव म्हणाला. त्याचे डोळे वाहत होते आणि ते पुसायच्या फंदात तो पडला नाही. "चल." मग गेटकडे तोंड करून, रस्त्यावरचे रिक्षावाले वळून बघतील एवढ्या खणखणीत आवाजात तो म्हणाला, "जातो रे, अनुज." नंतर काही पुटपुटला नाही. मी कान देऊन ऐकत होतो.

मागं वळून बघायचं नाही, अशी मृदुलाची आम्हा सगळ्यांना सक्त ताकीद होती. कोपऱ्यापर्यंत आम्ही ती पाळली. मोडली ती एकट्या मृदुलानं.